पेठचे पेटकर

माझं माहेर इस्लामपूर. तिथून पेठ हाकेच्या अंतरावर. पुणे-कोल्हापूर हायवेवरचा पेठ नाका एसटीनं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो. १९९० साली लग्न होऊन मी सुरतेला आले, पण माहेरी जाताना पेठ नाक्याची पाटी दिसली की अजूनही हात आपोआप पिशव्या सावरायला लागतो. अशा या पेठच्या एका माणसानं भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिलं. ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक दोन्ही धरून पहिलं, आणि तेही पोहण्यात. हे मला कधी कळलं? २०२४ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, 'चंदू चँपियन' नावाच्या हिंदी सिनेमाची जाहिरात बघून.

मला लाज वाटली. आमचा वाळवा तालुका आपल्या माणसांना विसरणारा नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र आमच्याच तालुक्यातलं. पत्री सरकारच्या गोष्टी आम्हाला पुस्तकात शोधाव्या लागल्या नाहीत, आजोबाच सांगायचे. बी.ए.ला माझा इतिहास विषय होता, कुठला तह कधी झाला ते सनावळीसकट पाठ होतं. पण मुरलीकांत राजाराम पेटकर हे नाव शाळेत ऐकलं नाही, कॉलेजात नाही आणि घरीही नाही.

सिनेमाला मी धाकट्या जाऊबरोबर गेले. ती आपणहून "अक्का, मलाही यायचंय" म्हणाली. ती का आली आणि मध्यंतरात एक शब्द न बोलता का बसून राहिली, ते पुढं सांगते. आधी पेटकरांचं.

त्यांचा जन्म १९४४ सालचा. त्या काळी आमच्या भागात पोरगं जरा अंगानं भरलं की तालमीत जायचं. आणि तालमीत जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या डोळ्यांपुढं एकच नाव असायचं, खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाडला त्यांची शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पेटकर तेव्हा सात-आठ वर्षांचे. कुस्तीचा नाद त्यांनाही लागला. गावातल्या बड्या घरच्या मुलाला त्यांनी कुस्तीत चीत केलं, त्यावरून तंटा उभा राहिला आणि मुलगा गाव सोडून पळाला, असं ते स्वतः सांगतात. पळाला तो थेट सैन्यात. पोरवयातच भरती झाला.

सैन्याच्या ईएमई या तुकडीत, म्हणजे यंत्रं-गाड्या दुरुस्त करणाऱ्या विभागात, ते क्राफ्ट्समन होते. सिकंदराबादला असताना बॉक्सिंग शिकले. १९६४ साली टोकियोत सैनिकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या, तिथं त्यांनी बॉक्सिंगमध्ये पदक मिळवलं. वीस वर्षांचा मुलगा, पायात वीज आणि हातात ठोसा. तो बॉक्सर म्हणूनच मोठा होणार होता.

पुढच्याच वर्षी १९६५चं युद्ध झालं. पेटकरांच्या अंगात गोळ्या घुसल्या. मणक्याजवळची एक काढता आली नाही, ती अजून तिथंच आहे. कित्येक महिने शुद्ध नव्हती, आठवण नव्हती. मुंबईला कुलाब्याच्या अश्विनी या नौदलाच्या हॉस्पिटलात ते शुद्धीवर आले तेव्हा कमरेखालचं शरीर गेलं होतं.

इथं मला थोडं थांबावं लागतं. मणका दुखावलेल्या माणसाचं घरात काय होतं, हे मी पुस्तकातून वाचलेलं नाही.

माझे धाकटे दीर १९९६ साली गोडाऊनच्या माळ्यावरून पडले. आमचं घर मूळचं इचलकरंजीचं. मागावरचं कापड आणि सूत यांच्या व्यापारासाठी सासऱ्यांनी सुरत धरली. रिंग रोडच्या मार्केटात गाळा आणि अडाजणला घर. दीर तागे उतरवत होते, शिडी सरकली, एवढंच. ते एकतीस वर्षांचे होते, जाऊ सत्तावीसची. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाजूला घेऊन सांगितलं, दर दोन तासांनी कूस बदला, दिवसा आणि रात्रीही. एक पाळी चुकली तर पाठीला जखम होईल, आणि ती जखम भरत नाही. आम्ही घड्याळ लावून झोपायचो. दोनला मी, चारला ती. सणावारी, पर्युषणात, लग्नाघरी सगळीकडे आमच्यापैकी एकीच्या डोक्यात ते दोन तासांचं घड्याळ चालायचंच.

हे 'दर दोन तासांनी' कुणी ठरवलं, ते मला पेटकरांच्या नादानं इतिहास धुंडाळताना कळलं. डॉ. लुडविग गुटमन नावाचे एक ज्यू डॉक्टर होते. १९३९ साली हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून इंग्लंडला आले. १९४४ साली लंडनच्या वायव्येला स्टोक मँडेविल इथल्या हॉस्पिटलात मणक्याच्या जखमींचा विभाग त्यांच्याकडे दिला गेला. तोवर अशा जखमी सैनिकांवर कुणी फार मेहनत घेत नसे. पाठीच्या जखमा आणि लघवीचा जंतुसंसर्ग यांनी बहुतेक जण वर्ष-दोन वर्षांत जायचे, मग कशाला, असा हिशेब. गुटमननी दर दोन तासांनी कूस बदलायची शिस्त लावली. रात्री स्वतः वॉर्डात फिरून ती पाळली जाते का ते बघायचे म्हणे. माणसं जगायला लागली. मग त्यांच्यापुढं दुसरा प्रश्न आला, जगून करायचं काय? त्यांनी खाटेवरच्या लोकांच्या हाती चेंडू आणि धनुष्यबाण दिले. २९ जुलै १९४८ला लंडनचं ऑलिंपिक सुरू झालं, त्याच दिवशी हॉस्पिटलच्या हिरवळीवर १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. चौदा पुरुष आणि दोन बायका, सगळे चाकाच्या खुर्चीवर. पुढं १९६० साली रोमला अशाच स्पर्धेला २३ देशांतून सुमारे ४०० खेळाडू आले. आज आपण ज्याला पॅरालिंपिक म्हणतो त्याचा उगम हा असा आहे. कूस बदलण्यापासून.

आम्ही दोघींनी पहिलं काम तेरा वर्षं केलं आणि दुसऱ्या प्रश्नाकडं कधी गेलोच नाही.

पेटकरांकडं परत येते. अश्विनीत व्यायाम करून घेणाऱ्यांनी त्यांना पाण्यात उतरायला सांगितलं. त्यामागचं कारण साधं आहे. गळ्याइतक्या पाण्यात माणसाच्या वजनाचा जवळजवळ दहावा हिस्साच उरतो, बाकी पाणी उचलतं. जमिनीवर जे शरीर चार जणांनी हलवावं लागतं ते पाण्यात स्वतःच्या दोन हातांनी हलतं. पण पोहणं सोपं नसतं. आपण पोहतो तेव्हा पाय नुसते पुढं ढकलत नाहीत, ते अंग पाण्यावर आडवंही धरून ठेवतात. पाय निर्जीव असले की ते खाली जातात, मागून नांगर टाकल्यासारखे ओढतात आणि सगळं खांद्यांवर येतं. ज्या खांद्यांनी ठोसे मारले त्याच खांद्यांनी हा मुलगा आता स्वतःला ओढायला लागला.

आमच्याकडंही एकजण व्यायाम शिकवायला येत असे. १९९७ची गोष्ट. त्यानं सांगितलं, यांना आठवड्यातून दोनदा तरी पाण्यात उतरवा, हात मजबूत आहेत, लहानपणी पोहायचे म्हणता तर फार फरक पडेल. दीर पंचगंगेत पोहलेले, पाठीला डबा बांधून शिकले आणि मग पुलावरून मुटका मारणाऱ्यांतले झालेले. त्यांचा चेहरा खुलला. पण सासूबाई म्हणाल्या, "अनगळ पाण्यात उतरायचं?"

आपल्या वाचक मैत्रिणींना हे सांगायला नको. पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही, वापरायचं नाही, गळण्यातली जिवाणी पुन्हा जिथलं पाणी तिथं सोडायची, हे सासूबाईंनी आयुष्यभर पाळलं. सुरतेत नळाला पाणी आलं तरी त्यांचं गळणं सुटलं नाही. आणि तलावात हजारो माणसं उतरतात, औषध घालून पाणी शुद्ध करतात, म्हणजे काय करतात, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्यांना मी दोष देत नाही. एखाद्या महाराजांना विचारलं असतं तर रोग्याच्या उपचाराला वाट सांगितली असती, असं आज वाटतं. आम्ही विचारलंच नाही. कारण खरं सांगायचं तर आम्हाला ते कारण सोयीचं होतं. चार माणसांनी उचलून, अर्ध्या चड्डीवर, वाळलेल्या पायांचा आपल्या घरचा माणूस सगळ्या गावापुढं पाण्यात उतरवायचा, ते आम्हाला नको होतं. "राहू दे, उगाच सर्दी व्हायची" हे वाक्य माझं आहे. जाऊ गप्प होती. तिला विचारलं नव्हतं.

आता पुन्हा साठीच्या दशकात जाऊ. १९६७ सालापर्यंत पेटकर अपंगांच्या राज्य स्पर्धांत गोळाफेक, भालाफेक, थाळीफेक, टेबल टेनिस अशा अनेक खेळांत नंबर काढायला लागले होते. एकाच माणसानं इतके खेळ खेळावेत याचं मला आधी नवल वाटलं. मग लक्षात आलं, ज्याला महिनोन्‌महिने खाटेवरून हलता आलं नाही, त्याला एक खेळ कसा पुरणार?

१९६८ साली इस्रायलमध्ये तेल अवीवला पॅरालिंपिक झालं. भारताचा संघ पहिल्यांदाच गेला. पेटकर टेबल टेनिस खेळले आणि पहिली फेरी जिंकले. या प्रवासाचा खर्च कुणी केला, तर विजय मर्चंट यांच्या संस्थेनं. मर्चंट म्हणजे ब्रॅडमनच्या खालोखाल ज्यांची फलंदाजीची सरासरी होती ते, भारताचे एकेकाळचे कप्तान. माझ्या वडिलांच्या पिढीला ते विविध भारतीवरच्या क्रिकेटच्या कार्यक्रमामुळं माहीत होते. मुंबईच्या कापड गिरणीवाल्यांच्या घरातला हा माणूस अपंगांना काम मिळावं म्हणून उतारवयात दारोदार फिरला. आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसं, पण मर्चंट यांची ही बाजू आमच्या मार्केटात कुणाच्या तोंडी कधी आली नाही.

१९७० साली एडिंबरोला राष्ट्रकुलातल्या अर्धांगग्रस्त खेळाडूंच्या स्पर्धा झाल्या. पेटकरांनी तिथं ५० मीटर पोहण्यात सुवर्ण मिळवलं, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य. आणि मग आलं १९७२.

त्या वर्षीचं ऑलिंपिक जर्मनीत म्युनिकला होतं. पॅरालिंपिकही तिथंच व्हायचं, पण खेळाडूंसाठी बांधलेल्या इमारतींतली घरं ऑलिंपिक संपताच लोकांच्या राहण्यासाठी द्यायची होती. मग अपंगांच्या स्पर्धा हायडेलबर्ग या दुसऱ्या शहरात नेल्या, आणि त्या ऑलिंपिकच्या आधी, ऑगस्टच्या सुरुवातीला उरकल्या. मला वाचताना आपल्याकडच्या लग्नांची आठवण झाली. हॉल दुसऱ्या पार्टीला दिलेला असला की घरच्या पाहुण्यांना सकाळीच जेवायला बसवून मोकळं करतात.

हायडेलबर्गला मणक्याच्या इजेची पातळी बघून खेळाडूंचे गट पाडले होते, म्हणजे साधारण सारखी इजा असलेले एकमेकांशी लढणार. पेटकर तिसऱ्या गटात. ५० मीटर फ्रीस्टाइल. वेळ ३७.३३ सेकंद, नवा जागतिक विक्रम. भालाफेकीत आणि चाकाच्या खुर्चीच्या अडथळ्यांच्या शर्यतीतही ते अंतिम फेरीपर्यंत गेले. त्या स्पर्धेत भारताला मिळालेलं ते एकमेव पदक, आणि ते सोन्याचं.

सदतीस सेकंद म्हणजे किती? मी स्वयंपाकघरात घड्याळ लावून बघितलं. एक पोळी तव्यावर टाकून, उलटून, फुगून उतरेपर्यंत तेवढा वेळ जातो. तेवढ्यात पाय न हलवता पन्नास मीटर. पन्नास मीटर म्हणजे आमच्या मार्केटातल्या गाळ्यापासून लिफ्टपर्यंत जाऊन परत.

त्यानंतर तीन आठवड्यांत म्युनिकचं ऑलिंपिक सुरू झालं. रेडिओवर हॉकी होती, आणि हॉकीत आपल्याला कांस्य मिळालं. सगळा देश हळहळला, की सोनं गेलं. सोनं आलेलं होतं, महिन्याभरापूर्वीच. हळहळणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं, एवढंच.

हे असं का झालं असावं, यावर मी बराच विचार केला. मत्सर किंवा कारस्थान असं काही मला दिसत नाही. तेव्हा या स्पर्धांना 'पॅरालिंपिक' हे नाव अधिकृतपणे नव्हतंच, ते पुढं ऐंशीच्या दशकात मिळालं. कागदोपत्री त्या 'स्टोक मँडेविल स्पर्धा', म्हणजे एका हॉस्पिटलच्या नावाच्या. हॉस्पिटलच्या नावाच्या स्पर्धेत मिळालेलं पदक खेळाच्या पानावर कोण छापणार? लोकांच्या लेखी ते रोगी बरा होत असल्याची खूण होतं, पराक्रम नव्हता. आपल्याही बोलण्यात बघा, अपंग मुलानं काही केलं की आपण "बिचाऱ्यानं किती केलं" म्हणतो. त्या 'बिचाऱ्या'त पदक बुडतं.

पेटकरांना पुण्याच्या टेल्कोत नोकरी मिळाली. तिथं त्यांनी सुमारे तीस वर्षं काम केलं. संसार झाला, मुलं झाली. १९८२ साली त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. मग त्यांनी पुरस्काराचा नाद सोडला आणि आपल्या कामाला लागले.

अर्जुन पुरस्काराला खेळाडूनं स्वतः अर्ज करायचा असतो, हे मला माहीत नव्हतं. आपल्या संघात कुणी अठ्ठाई केली तर दुसऱ्यांनी येऊन सुखसाता विचारायची, पारण्याला वाजतगाजत न्यायचं, ही रीत. तप करणाऱ्यानं 'मी आठ उपास केले, दाखला जोडला आहे' असा अर्ज लिहायचा, हे कल्पनेतही येत नाही. सुरतेत मी इतके वरघोडे बघितलेत की मोजदाद नाही. खाशाबांचंही तेच झालं. १९८४ला ते अपघातात गेले आणि त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला २००० साली. एकाच पट्ट्यातली ही दोन माणसं, कऱ्हाडचा आणि पेठचा. एकाची बैलगाड्यांची मिरवणूक तरी निघाली.

२००८ला अभिनव बिंद्रानं नेमबाजीत सोनं मिळवलं तेव्हा पहिलं वैयक्तिक सुवर्ण म्हणून देशभर पेढे वाटले गेले. ऑलिंपिकपुरतं ते खरंच आहे आणि त्या मुलाचं कौतुक आहेच. आमच्या घरीही पेढे आले. दिरांना मी खोलीत नेऊन दिला. पेढा हातात धरून ते टीव्हीकडं बघत होते. तेव्हा मला पेटकर माहीत असते तर? मी त्यांना सांगू शकले असते, की आमच्या पेठच्या माणसानं, तुमच्यासारख्याच माणसानं, छत्तीस वर्षांपूर्वी हे केलंय. पुढच्या वर्षी ते गेले. मूत्रपिंडांनी दगा दिला.

२०१६ला दीपा मलिक यांनी रिओमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवलं, पॅरालिंपिकमध्ये पदक मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री. मणक्यातल्या गाठीमुळं छातीखालचं शरीर गेलेली, दोन मुलींची आई. त्याही आधी यमुनेत प्रवाहाविरुद्ध पोहलेल्या होत्या. त्यांच्यामुळं, भालाफेकीतल्या देवेंद्र झाझडियांमुळं लोकांची नजर बदलत गेली आणि मग मागं वळून बघायला कुणाला तरी सुचलं. २०१८ साली पेटकरांना पद्मश्री मिळाली. १९७२ ते २०१८, सेहेचाळीस वर्षं. २०२४च्या जूनमध्ये कबीर खान यांचा सिनेमा आला.

आता जाऊचं सांगते. तिचं सांगायचं तर २००६चा पूर सांगावा लागेल. सुरतेच्या बायकांना तो सांगायची गरज नाही, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उकाई धरण भरत आलं, पाणी सोडलं आणि ७ तारखेपासून तापी शहरात शिरली. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. अडाजण-रांदेरला तर तळमजले बुडाले. आमच्या घरात दिरांची खोली तळमजल्यावर, कारण त्यांना वर न्यायचं म्हणजे चौघं लागत. पाणी इतकं झपाट्यानं येईल असं वाटलं नव्हतं. आम्ही आधी पोतीभर धान्य, देव्हारा, वह्या वर नेल्या. परत खाली आलो तर गुडघाभर, मग कमरेएवढं. दिवे गेलेले. ह्यांनी आणि शेजारच्या दोन मुलांनी दिरांना खुर्चीसकट उचललं. जिन्यापाशी पाणी छातीपर्यंत, एका मुलाचा पाय घसरला आणि खुर्ची कलली. मी जिन्यात कंदील धरून उभी होते, ओरडलेच. दीर पाण्यात पडले.

आणि ते बुडाले नाहीत. दोन्ही हात मारत ते पाण्यावर आले. ह्यांनी धरायला हात पुढं केला तर म्हणाले, "दादा, सोड मला." गढूळ, काळं पाणी, वर कुणाची तरी चप्पल तरंगतेय, आणि त्यातून ते हातांनी पाणी कापत जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आले. किती अंतर असेल? पंधरा-वीस फूट. पायरी धरून, दम खात, माझ्याकडं बघून हसले. दहा वर्षांत मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. म्हणाले, "वहिनी, येतंय की अजून."

चार दिवस आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो होतो, पिण्याच्या पाण्याचे हाल झाले, पण ते रोज त्याच गोष्टीवर यायचे. पूर ओसरला, चिखल काढला, घर धुतलं. त्यांनी दिवाळीच्या सुमाराला ह्यांच्याकडं विषय काढला, म्युनिसिपालिटीच्या तलावावर महिन्यातून एकदा तरी न्याल का? सासूबाई तोवर राहिल्या नव्हत्या, गळण्याचा प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. ह्यांनी म्हटलं, "बघू." मीही म्हटलं, "बघू, जरा घराची कामं संपू देत." घराची कामं संपली. ते 'बघू' तीन वर्षं तसंच राहिलं.

सिनेमात पोहण्याचा प्रसंग सुरू झाला तेव्हा जाऊनं माझा हात धरला. रडली नाही. सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठून चालले होते. तेव्हा ती म्हणाली, "अक्का, गच्चीवरची टाकी गाळून भरली असती तरी चाललं असतं की."

आमची गच्चीवरची टाकी केवढी, त्यात काय माणूस पोहणार! पण हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. तिनं ते त्याच दिवशी योजलं नसणार. १९९७ पासून कधीतरी, कूस बदलताना, रात्री चारच्या पाळीला तिनं तो हिशेब केलेला असणार.

१७ जानेवारी २०२५ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते मुरलीकांत पेटकरांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार मिळाला. १९८२चा अर्ज, २०२५चा पुरस्कार. त्या दिवशी ते ऐंशी वर्षांचे होते. जाऊनं मला वरच्या मजल्यावरून हाक मारली, मोबाइलवर तिनं तो समारंभ लावून ठेवला होता. आम्ही दोघींनी तो बघितला. मग तिनं पुन्हा पहिल्यापासून लावला.